टोपी डोक्यात बसली पाहिजे! क्रोशाचा कोणताही पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मापाला कसा आणायचा



व्हिडिओत आपण क्रोशाची साधी गोल टोपी विणायला शिकलो. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा: "सर, तुम्ही सांगितली तशीच विणली, टाकेही तेवढेच घेतले, पण माझी टोपी मोठी झाली." दुसऱ्या कुणाची लहान झाली. दोघींनी बरोबरच विणलं होतं. मग फरक कुठून आला?

या लेखात त्याचंच उत्तर आहे. व्हिडिओत हात दिसतो, पण आकडेमोड दिसत नाही. म्हणून इथे ती सावकाश लिहून दिली आहे. वही आणि पेन घेऊन बसा. गणित चौथीच्या वर्गातलं आहे, घाबरू नका.

आधी हे समजून घ्या, की घरातल्या माणसासाठी विणणं आणि विकण्यासाठी विणणं यांत फरक काय आहे. घरच्या बाळाला टोपी सैल झाली तर आपण म्हणतो, "असू दे, पुढच्या वर्षी होईल." गिऱ्हाईक असं म्हणत नाही. त्याने पैसे मोजलेले असतात. टोपी डोळ्यांवर आली किंवा कपाळावर वळ उठला, की टोपी परत येते आणि पुढची ऑर्डर येत नाही.

मापाची चूक कितीला पडते?

एक हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.

- लोकर ५० ग्रॅम, ग्रॅमला १.२० रुपये धरून: ६० रुपये
- विणायचा वेळ अडीच तास, तासाला ६० रुपये मजुरी: १५० रुपये
- लेबल, पिशवी, जाणं-येणं: ३० रुपये
- एकूण खर्च: २४० रुपये
- विक्रीची किंमत: २९० रुपये
- नफा: ५० रुपये

आता समजा, पाच टोप्यांतली एक मापात बसली नाही म्हणून परत आली. लोकर वाया जात नाही, उसवता येते. पण अडीच तास पुन्हा बसावं लागलं, म्हणजे १५० रुपये. ते पाच टोप्यांवर वाटले तर प्रत्येक टोपीमागे ३० रुपये गेले. ५० रुपयांच्या नफ्यातले २० उरले. उसवलेली लोकर दुसऱ्यांदा विणताना थोडी पिसाळलेली दिसते, ते वेगळंच.

बऱ्याच ताई मजुरी धरतच नाहीत, त्यामुळे हा तोटा त्यांना दिसत नाही. हात दुखतात आणि पैसे उरत नाहीत, एवढंच कळतं. म्हणून माप शिकणं हा विणकामाचा धडा आहे तसाच धंद्याचाही आहे.

पायरी १: पॅटर्नची भाषा ओळखा

इंटरनेटवरचे इंग्रजी पॅटर्न दोन पद्धतींनी लिहिलेले असतात, अमेरिकन आणि ब्रिटिश. शब्द तेच, पण अर्थ वेगळे. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकन पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे. आपला नेहमीचा खांब, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन केलेला, अमेरिकन भाषेत डबल क्रोशे आणि ब्रिटिश भाषेत ट्रेबल क्रोशे.

म्हणजे "डबल क्रोशे" वाचून तुम्ही खांब घातला आणि पॅटर्न ब्रिटिश निघाला, तर टोपी जवळपास दुप्पट उंच होणार. ओळखायची सोपी खूण: पॅटर्नमध्ये कुठेही "सिंगल क्रोशे" हा शब्द आला, तर तो अमेरिकन आहे. ब्रिटिश पद्धतीत हा शब्द वापरत नाहीत.

आणखी एक. फुकट मिळालेला पॅटर्न विकण्यासाठी वापरता येतो का, हे त्याच्या खाली लिहिलेलं असतं. काही जण "फक्त घरगुती वापरासाठी" असं लिहितात. वाचा आणि पाळा.

पायरी २: नमुना विणा, म्हणजे आपला हात मोजा

हीच पायरी सगळ्यात जास्त जण गाळतात, आणि टोपी लहान-मोठी होण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणी दोरा ओढून धरतं, कुणी सैल. सुई ४ मिलिमीटरची आणि लोकर एकाच गुंड्याची असली, तरी दोघींच्या टाक्याचं माप वेगळं येतं. पॅटर्न लिहिणाऱ्या बाईचा हात तुमचा नाही, म्हणून तिचे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

जी सुई आणि जी लोकर वापरणार आहात, तीच घेऊन साधारण १४ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणा. तो धुवा, सपाट पसरून वाळवा. मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती खांब येतात ते मोजा. कडेचे टाके धरू नका, ते ओढले गेलेले असतात. तसंच उभ्या १० सेंटिमीटरमध्ये किती ओळी येतात ते मोजा.

धुवायचं कशाला? अॅक्रिलिक लोकर धुतल्यावर फारशी बदलत नाही. सुती दोरा आणि मिल्क कॉटन मात्र वजनाने लोंबतात, पसरतात. गिऱ्हाईक टोपी धुणारच आहे. ती धुतल्यावर कशी होते हे आपल्याला आधी माहीत हवं.

उदाहरणासाठी असं धरू: १० सेंटिमीटरमध्ये १६ खांब आणि ९ ओळी. म्हणजे १ सेंटिमीटरला १.६ खांब, आणि एक ओळ साधारण १.१ सेंटिमीटर उंच. पुढचा सगळा हिशेब याच दोन आकड्यांवर चालेल.

दोन टाक्यांनी काय फरक पडतो? पॅटर्न सांगतो ६६ खांब घ्या. १६ खांबांचा हात असेल तर टोपीचा घेर ४१ सेंटिमीटर. तुमचा हात सैल, १० सेंटिमीटरला १४ खांब, तर तेच ६६ खांब ४७ सेंटिमीटर होतात. सहा सेंटिमीटरचा फरक! वर्षाच्या बाळाची टोपी पाच वर्षांच्या मुलाला झाली.

पायरी ३: डोक्याचं माप घ्या, वय विचारू नका

आमच्या बॅचमधल्या एका ताईंना एका बालवाडीच्या गॅदरिंगसाठी पंचवीस टोप्यांची ऑर्डर मिळाली. बाई म्हणाल्या, "सगळी मुलं चार वर्षांची आहेत." ताईंनी विणायला बसण्याआधी एकदा शाळेत जाऊन टेप लावली. सगळ्यात लहान डोकं ४८ सेंटिमीटर, सगळ्यात मोठं ५२. त्यांनी दोन मापं केली आणि खाली ताणणारी पट्टी घातली. पंचवीसच्या पंचवीस बसल्या. एकाच मापाच्या विणल्या असत्या, तर गॅदरिंगच्या दिवशी किती मुलांनी टोपी काढून फेकली असती, विचार करा.

माप घ्यायची पद्धत: टेप भुवयांच्या थोडी वर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर येतो तिथून फिरवायची. आवळायची नाही, लोंबूही द्यायची नाही.

गिऱ्हाईक दुसऱ्या गावाला असेल तर त्याला व्हॉट्सअॅपवर असा मेसेज पाठवा: "एक नाडी किंवा सुतळी घ्या. भुवयांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून एकदा गोल फिरवा. जिथे टोक जुळेल तिथे पेनाने खूण करा. मग नाडी पट्टीवर ठेवून सेंटिमीटर सांगा." टेप सगळ्यांच्या घरी नसते, नाडी असते. आणि हा मेसेज जपून ठेवा. उद्या कुणी "बसत नाही" म्हटलं, तर माप कुणी दिलं होतं ते दिसेल.

पायरी ४: टोपी डोक्यापेक्षा लहान विणायची

नवीन शिकणाऱ्यांना हे पटत नाही. डोकं ४६, तर टोपीही ४६ची नको का? नको. क्रोशाचं विणकाम ताणतं. टोपी डोक्याएवढीच केली तर ती दोनदा घातल्यावर सैल होऊन डोळ्यांवर येते. म्हणून घेर डोक्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी धरायचा. लहान बाळासाठी सातआठ टक्के पुरेत, त्याला घट्ट नको.

घट्ट विणीत, म्हणजे फक्त मुक्या खांबांच्या टोपीत, ताण कमी असतो. तिथे पाच टक्के कमी केले तरी चालतात.

पायरी ५: हिशेब

वर्षाच्या बाळाची टोपी करू. डोकं ४६ सेंटिमीटर.

घेर: ४६ मधून दहा टक्के काढले की ४१.४ सेंटिमीटर.
खांब: ४१.४ गुणिले १.६ म्हणजे ६६.

खांबांची गोल टोपी वरून सुरू होते तेव्हा पहिल्या फेरीत १२ खांब, आणि मग प्रत्येक फेरीत १२ वाढतात: १२, २४, ३६, ४८, ६०, ७२. आपल्याला हवेत ६६. पॅटर्नमध्ये ६० वर थांबलं तर टोपी ३७.५ सेंटिमीटर, आवळते. ७२ वर थांबलं तर ४५, लोंबते. इथेच बहुतेक जणी अडकतात आणि "जवळचं" माप घेऊन मोकळ्या होतात.

उपाय सोपा आहे. सहाव्या फेरीत १२ ऐवजी फक्त ६ वाढवा. ६० भागिले ६ म्हणजे १०. नऊ खांब साधे, दहाव्या टाक्यात दोन खांब, असं सहा वेळा. झाले ६६. वाढ कितीही असू दे, फेरीतले टाके वाढीच्या आकड्याने भागा, म्हणजे कितव्या टाक्यात दोन घालायचे ते कळतं.

ताळा करून बघा. घेर भागिले ३.१४ म्हणजे वरच्या चकतीची रुंदी. ६६ खांब म्हणजे ४१.२५ सेंटिमीटर, त्याला ३.१४ ने भागलं की १३ सेंटिमीटर. आपल्या सहा फेऱ्या झाल्यावर चकती टेबलावर ठेवून मोजा. १३ च्या आसपास आली तर टोपी बसणार. फार वेगळी आली तर इथेच थांबा, कारण सहा फेऱ्या उसवायला दोन मिनिटं लागतात आणि पूर्ण टोपी उसवायला जीव जातो.

उंची: वर्षाच्या बाळाला मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत १८ सेंटिमीटर लागतात. १८ भागिले १.१ म्हणजे १६ फेऱ्या. त्यातल्या सहा चकतीत गेल्या. उरलेल्या १० फेऱ्या वाढ न करता सरळ विणायच्या.

याच हाताची तयार मापं

हा तक्ता १० सेंटिमीटरला १६ खांब आणि ९ ओळी येणाऱ्या हातासाठी आहे. तुमचा नमुना वेगळा असेल तर आकडे बदलतील. पद्धत तीच राहील.

- नवजात बाळ: डोकं ३५, खांब ५२ (४८ नंतर ४ वाढ), एकूण फेऱ्या १३
- सहा महिने: डोकं ४३, खांब ६३ (६० नंतर ३ वाढ), एकूण फेऱ्या १५
- एक वर्ष: डोकं ४६, खांब ६६ (६० नंतर ६ वाढ), एकूण फेऱ्या १६
- तीन ते पाच वर्षे: डोकं ५०, खांब ७२, एकूण फेऱ्या १८
- मोठी बाई: डोकं ५६, खांब ८० (७२ नंतर ८ वाढ), एकूण फेऱ्या २०
- मोठा पुरुष: डोकं ५८, खांब ८४, एकूण फेऱ्या २२

ही मापं सरासरीची आहेत. तयार माल करून प्रदर्शनात ठेवायचा असेल तर उपयोगी पडतात. ऑर्डर असेल तेव्हा मात्र टेपच खरी.

पायरी ६: माप बदलायचे तीन मार्ग, कधी कोणता?

१. सुई बदला. पॅटर्न आवडलाय, पण एकदीड बोट लहान किंवा मोठा हवाय, तर टाके तेच ठेवून सुई अर्ध्या मिलिमीटरने बदलून बघा. सुई लहान केल्यावर १० सेंटिमीटरला १६ च्या जागी १७ खांब बसले, तर ६६ खांबांची टोपी ४१ वरून साधारण ३९ वर येते. पानाफुलांची नक्षी असलेल्या टोपीला हा मार्ग बरा, कारण नक्षीचे टाके मोजून ठरलेले असतात.

२. लोकर बदला. जाड लोकर घेतली की टोपी मोठी, बारीक घेतली की लहान. पण पोत बदलतो. नमुना पुन्हा विणल्याशिवाय हे करू नका.

३. टाके बदला. वर केला तो हिशेब. फरक तीन सेंटिमीटरच्या वर असेल तर हाच मार्ग. सुई बदलून एवढा फरक भरून काढायला गेलात तर वीण पुठ्ठ्यासारखी कडक होते, नाहीतर जाळीसारखी विरळ. नक्षी असेल तर टाके नक्षीच्या पटीतच वाढवा. सहा टाक्यांचं फूल असेल तर ६६ किंवा ७२, मधला आकडा नाही.

विणताना काही बिघडलं तर

चकतीच्या कडेला लाटा आल्या, म्हणजे वाढ जास्त झाली. एक फेरी वाढ न करता विणून बघा, नाहीतर सुई बदला.

चकती वाटीसारखी आत वळली, म्हणजे वाढ कमी पडली, किंवा तुम्ही फेरीची सुरुवात चुकून टाके गाळताय. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा.

टोपी उंचीला बरोबर, पण कडेला सैल. शेवटच्या दोनतीन फेऱ्या खांबाच्या दांड्याभोवती विणा, एकदा पुढून, एकदा मागून. ही पट्टी आपोआप आवळते आणि ताणतेही. एक-दोन सेंटिमीटरचा फरक ती सांभाळून घेते. त्यासाठी टाक्यांची संख्या सम हवी. तक्त्यातल्या ६३ सारख्या आकड्यात पट्टीआधी एक टाका कमी करा.

कानटोपी हवी असेल तर कान नेमके मधोमध येत नाहीत, थोडे मागे असतात. ६६ खांबांत कपाळासाठी २६, प्रत्येक कानासाठी १३ आणि मागे १४ अशी वाटणी करा. कानाच्या जागी पट्ट्या विणत दर ओळीला दोन्ही बाजूंनी एक टाका कमी करत या.

आणि बाळांच्या टोपीबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. हनुवटीखाली बांधायच्या लांब नाड्या, सैल शिवलेली बटणं, मणी, ओढलं की सुटेल असा गोंडा, हे लावू नका. नाडी गळ्याला अडकते आणि बटण तोंडात जातं. गिऱ्हाईक मागत असेल तरी समजावून सांगा. बरोबर मापाच्या टोपीला नाडीची फारशी गरजही पडत नाही.

हे विकायचं कुठे?

गरम टोपीचा हंगाम दिवाळीनंतर येतो, पण आपल्याकडे टोपी फक्त थंडीसाठी विकत घेत नाहीत. बाळंतविड्यात टोपडं लागतं, तेही वर्षभर. बारशाला टोपी, मोजे आणि दुपटं असा संच करा. संक्रांतीला बोरन्हाण असतं, त्यासाठी काळी टोपी आणि तिच्यावर पांढऱ्या लोकरीचे हलव्यासारखे टिपके, हे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. पण ऑर्डर डिसेंबरमध्ये घ्यायला सुरुवात करा. काळ्या लोकरीवर रात्री दिव्याखाली टाके दिसत नाहीत, दिवसा विणा आणि तसा वेळ धरा.

बचत गटाच्या स्टॉलवर जाणार असाल, तर प्रत्येक टोपीला लेबल लावा: वय नाही, डोक्याचं माप. "४५ ते ४७ सेंटिमीटर" असं. आणि टेबलावर एक टेप ठेवा. मूल बरोबर असेल तर तिथेच माप घ्या. बाजूच्या स्टॉलवर टेप नसेल, तर गिऱ्हाईक तुमच्याकडेच वळेल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या नेहमीच्या लोकरीचा आणि सुईचा नमुना विणा, धुवा, मोजा. आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लोकरीचं लेबल तिथेच चिकटवा.

२. घरातल्या आणि शेजारच्या पाच डोक्यांची मापं घ्या. त्यांतली दोन मुलांची असू द्या.

३. त्या पाचही मापांचे खांब आणि फेऱ्या काढा. वरचा तक्ता बघून उतरवू नका, तुमच्या नमुन्याचे आकडे घाला.

४. त्यांतली एक टोपी विणा, आणि घड्याळ लावून विणा. किती तास लागले ते लिहून ठेवा.

तो तासांचा आकडा पुढच्या व्हिडिओला लागणार आहे. त्यात आपण किंमत ठरवणार आहोत, आणि मजुरी धरूनच ठरवणार आहोत. तुमच्या हिशेबात कुठे अडलात तर नमुन्याचे आकडे आणि डोक्याचं माप, दोन्ही लिहून विचारा. नुसतं "टोपी मोठी होते" असं सांगितलं तर मलाही उत्तर देता येणार नाही.